थिनरविना पातळ

(दृश्य : भोसरी एमआयडीसी, सकाळचे साडेआठ. बस रंगवणाऱ्या पेंट शॉपचं अर्धं उघडलेलं शटर. आत टेबलावर, स्टँडमध्ये अडकवलेला फोर्ड कप, पेंट किती जाड ते मोजायचा.)

कपाच्या तळाला साधारण चार मिलिमीटरचं भोक आहे. पेंटरने ते बोटाने दाबून धरलंय. पेंट काठोकाठ ओतला, वरचा फुगवटा पट्टीने निपटून काढला, आणि बोट सोडताक्षणी दुसऱ्या हाताने स्टॉपवॉच दाबलं. खाली सरळ, अखंड धार. धार तुटली की घड्याळ थांबवायचं. ३१ सेकंद.

"जाड आहे," मामा म्हणतात. इथे सगळे त्यांना मामाच म्हणतात. शेजारच्या डब्यातला थिनर ओततात, ढवळतात, परत कप भरतात. २२ सेकंद. आता स्प्रे गनमधून जाईल.

ही नऊ सेकंदं कमी करायला जो थिनर पडला, त्यातला थेंबही बसच्या पत्र्यावर राहणार नाही. थोडा बूथमध्ये, म्हणजे फवारणीच्या खोलीत उडेल, थोडा भट्टीत, उरलासुरला पुढच्या काही दिवसांत पेंटच्या थरातून हळूहळू बाहेर पडेल. पेंट पत्र्यापर्यंत पोचवणं एवढंच त्याचं काम. ते झालं की तो हवेत, आणि हवेत म्हणजे आधी मामांच्या छातीत.

किती थिनर? पेंट लाइनवरच्या प्रत्येकाला एक हिशोब पाठ असतो : एका चौरस मीटरवर एक मायक्रॉनचा थर म्हणजे एक मिलिलिटर. बसचा बाहेरचा पत्रा १०० चौरस मीटर धरू, वाळलेला थर ५० मायक्रॉनचा हवा. म्हणजे पत्र्यावर राहणारा पेंट पाच लिटर. आता डब्यातला निम्मा भाग सॉल्व्हंट, म्हणजे थिनरसारखा उडून जाणारा द्रव असेल, तर मारावा लागतो दहा लिटर. पाच लिटर राहिला, पाच लिटर उडाला. तोच पेंट ७० टक्के घन असेल तर सात लिटरच्या आसपास पुरतो, आणि उडतो जेमतेम दोन. गनमधून पत्र्यावर न बसता वाया जाणारा फवारा यात धरलेलाच नाही. आणि ही झाली एक बस, एक थर.

(दृश्य : एक्झॉस्टच्या धुराड्यातून थरथरणारी हवा. आवाज फक्त पंख्याचा.)

धुराड्यातून धूर दिसत नाही, म्हणून काही जातच नाही असं वाटतं. लॉस एंजेलिसमध्येही बराच काळ तसंच वाटत होतं. शहरावर तपकिरी धुकं साचायचं, डोळे चुरचुरायचे. १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की इंधनाच्या आणि सॉल्व्हंटच्या वाफा, गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि कडक ऊन एकत्र आलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. १९६६ मध्ये त्या काउंटीने 'नियम ६६' आणला आणि झायलीनसारख्या सॉल्व्हंटवर बंधनं आली. युरोपने पुढे आकडाच ठरवून दिला : गाड्या पुन्हा रंगवताना मारायच्या सगळ्यात वरच्या थरात, म्हणजे टॉपकोटमध्ये, वापरायला तयार पेंटच्या लिटरमागे ४२० ग्रॅमपेक्षा जास्त सॉल्व्हंट नको. हे २००७ पासून.

कायदा एका ओळीत सांगतो, थिनर कमी करा. पण मामांचा कप काय सांगतो? ३१ सेकंद. थिनर नाही टाकला तर गन पेंट फोडत नाही, पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. मग पेंट मुळातच पातळ का करत नाहीत?

त्यासाठी दुसऱ्या, छोट्या डब्याकडे जावं लागतं. हार्डनरच्या, म्हणजे पेंटला कडक करणाऱ्या द्रवाच्या.

(दृश्य : दोन डबे शेजारी शेजारी. मोठा बेस, छोटा हार्डनर.)

असे दोन डबे मिसळून वापरायच्या टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन) पेंटचं रसायन १९३७ मध्ये जर्मनीत, लेव्हरकुसेनला सापडलं. ओटो बायर हे त्या संशोधकाचं नाव. तिथल्या कारखान्याच्या मूळ कंपनीचं नावही बायरच, पण त्या घराण्याशी त्यांचं नातं काही नव्हतं. त्यांनी दाखवलं की एका रेणूवर आयसोसायनेट गट असतील आणि दुसऱ्यावर हायड्रॉक्सिल, तर ते एकमेकांचे हात धरतात, आणि मधून काहीही बाहेर न टाकता साखळी वाढत जाते. सुरुवातीच्या नमुन्यांत बुडबुडे राहत, आणि दोष म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवलं जाई. त्याच बुडबुड्यांतून पुढे फोमच्या गाद्या आल्या. पेंटमध्ये मात्र बुडबुडा हा शत्रूच. त्याच्याकडे परत येऊ.

बेसमध्ये हायड्रॉक्सिलवाला पॉलिओल, हार्डनरमध्ये आयसोसायनेट. उन्हात पिवळं न पडणाऱ्या टॉपकोटसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मूळ द्रव्य म्हणजे हेक्सामिथिलीन डायआयसोसायनेट, एचडीआय. ते पाण्यासारखं पातळ असतं. मग तेच डब्यात भरून का देत नाहीत? कारण ते वाफ होऊन हवेत जातं आणि श्वासनलिकेला जबर इजा करतं. रेणूभार फक्त १६८. तीन-तीन रेणू जोडून मोठा, जड रेणू केला की तो उडत नाही. पण रेणू मोठा झाला की द्रव घट्ट होतो. सुरक्षित करावा तर जाड होतो, पातळ ठेवावा तर उडतो. सगळा पेच हा आहे, आणि तो सोडवायला रसायनशास्त्रज्ञांनी कित्येक दशकं घालवली आहेत.

पहिलं उत्तर होतं बाय्युरेट. एचडीआयचे तीन रेणू पाण्याच्या मदतीने जोडलेले. पेंट उत्तम होई, पण सॉल्व्हंटशिवाय या हार्डनरचा घट्टपणा साधारण १०,००० सेंटीपॉइज. पाणी एक सेंटीपॉइज असतं आणि घरातलं एरंडेल सातशेच्या आसपास, यावरून अंदाज घ्या. हा मधासारखा संथ ओघळणारा द्रव पंपातून जावा, बेसमध्ये मिसळावा, म्हणून तो २५ टक्के सॉल्व्हंट घालूनच विकला जाई. म्हणजे मामांनी थिनरच्या डब्याला हात लावण्याआधीच निम्मी लढाई हरलेली.

इतका घट्ट का? बाय्युरेटच्या रेणूत नायट्रोजनला चिकटलेले हायड्रोजन असतात. ते शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला ओढून धरतात. जत्रेच्या गर्दीत एकमेकांचे हात धरून निघालेलं कुटुंब जसं अडखळत, थांबत पुढे सरकतं, तसे हे रेणू वाहतात. मग आला ट्रायमर. इथेही एचडीआयचे तीनच रेणू, पण गोल कडं करून जोडलेले. कड्यात असा मोकळा हायड्रोजन उरतच नाही, त्यामुळे शेजाऱ्याला धरायला काही नाही. घट्टपणा एकदम ३,००० सेंटीपॉइजच्या आसपास आला.

पुढची पायरी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती स्वयंपाकघरातल्या माणसाला चटकन कळेल. ट्रायमर तयार होत असताना प्रत्येक कड्याला आयसोसायनेटचे तीन मोकळे हात असतात. क्रिया चालू ठेवली तर कडी कड्याला जोडली जातात : पाच एककांचे, सात एककांचे रेणू होतात, आणि तेच खरे जाडी वाढवणारे. म्हणून क्रिया वेळेवर तोडायची. एकतारी पाक हवा असेल तर गॅस कधी बंद करायचा हे कळलं पाहिजे, क्षणभर चुकलं की पाक गोळीबंद होतो. इथे गॅस बंद करणं म्हणजे उत्प्रेरक निकामी करणं. लवकर थांबवलं तर जवळजवळ सगळी सुटी कडी मिळतात, घट्टपणा १,२०० पर्यंत उतरतो. पण भांड्यात न जुळलेलं एचडीआयही भरपूर उरतं. ते निर्वात पोकळीत, गरम भिंतीवर पातळ थर पसरवून उडवायचं, गोळा करायचं, परत भांड्यात घालायचं. डब्यात त्याचा अंश अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणावा लागतो. प्रत्येक फेरीला उष्णता लागते, वेळ लागतो. कमी घट्टपणाचा हार्डनर महाग का, असं विचारणाऱ्याने हा उलटसुलट प्रवास लक्षात घ्यावा.

दोन रेणूंची जोडीही बनते. ती फारच पातळ, दीडशे सेंटीपॉइजच्या घरात. पण जोडीला हात दोनच. दोन हातांनी साखळी होते, जाळं होत नाही, आणि जाळं घट्ट विणलं नाही तर पेट्रोल सांडल्यावर पेंट मऊ पडतो. म्हणून जोडी मिसळायची ती बेताने.

आणि मग एक खरोखर देखणी युक्ती. तेच तीन एचडीआय, तोच रेणूभार ५०४, तेच तीन हात. फक्त कडं थोडं वाकडं बांधलेलं. याला असममित ट्रायमर म्हणतात. एकसारख्या ताटल्या एकीवर एक घट्ट बसतात, पण ताटलीला एका बाजूला दांडा असेल तर रास सैल राहते. तशी या रेणूंमधली ओढ सैल पडते. घट्टपणा सातशेच्या आसपास. म्हणजे एरंडेलाइतका. काही न मिसळता, काही न काढता, केवळ बांधणी बदलून. ज्याने हे पहिल्यांदा मोजलं असेल, त्याने तो आकडा दोनदा तपासला असेल याची मला खात्री वाटते.

(दृश्य : बूथमध्ये उभा पत्रा. गनचा पहिला हात.)

पेंट शॉपमध्ये हे सगळं लगेच गोड लागत नाही. जुन्या पेंटमध्ये थिनर हा ब्रेकचंही काम करायचा : फवारा पत्र्यावर बसेपर्यंत बराच थिनर उडून जाई, पेंट जागच्या जागी घट्ट होई. नव्या पेंटमध्ये उडायलाच फारसं काही नाही. जो पातळ बसला तो पातळच राहतो, आणि हात जरा जड पडला की उभ्या पत्र्यावरून ओघळ उतरतो. मामांना दोन आठवडे लागले. गन लांब धरायची, हात चलाख ठेवायचा, दोन पातळ कोट मारायचे. आणखी एक अडचण म्हणजे पॉट लाइफ, मिसळलेला पेंट वापरता येतो तेवढा वेळ. सॉल्व्हंट कमी म्हणजे रेणू एकमेकांच्या जवळ, म्हणजे डब्यातच लवकर घट्ट. आता सकाळी एकदम डबाभर मिसळून ठेवत नाहीत.

आणि पाऊस. जुलैत भोसरीची हवा ओली असते, आणि आयसोसायनेटला पाणी फार प्रिय. एक ग्रॅम पाणी साधारण २१ ग्रॅम हार्डनर खाऊन टाकतं आणि सव्वा लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं. तोच लेव्हरकुसेनचा बुडबुडा. थरात अडकला की पिनहोल, टाचणीएवढं भोक. म्हणून पावसाळ्यात मामा गन हातात घेण्याआधी कॉम्प्रेसर लाइनचा मॉइश्चर ट्रॅप उघडून पाणी सोडतात. कोपऱ्यात हार्डनरचा एक डबा वेगळा ठेवलाय. त्याचा तळ बाहेर फुगलाय. कुणीतरी झाकण सैल लावलं होतं, आत दमट हवा गेली. तो डबा कुणी उघडत नाही.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी हा व्हिडिओ केला.

आयसोसायनेट म्हटलं की आपल्याला भोपाळ आठवतं, आणि आठवायलाच हवं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जो वायू पसरला तो मिथाइल आयसोसायनेट, ३९ अंशांना उकळणारा. आपल्या डब्यातला ट्रायमर तसा उकळत नाही, झाकण उघडलं म्हणून खोलीभर पसरत नाही. पण त्यावरचा गट तोच आहे, आणि गन त्याचं बारीक धुकं करते. हे धुकं छातीत गेलं की काहींचं शरीर त्याला कायमचं बिथरतं. मग पुढे अगदी किंचित मात्रेनेही दम्याचा झटका येतो, आणि हातचं काम सुटतं.

आजवर पेंटरला सावध करायचा तो थिनरचा वास. डोकं जड झालं की तो बाहेर जायचा. नव्या पेंटमध्ये तो वास कमी, आणि दर लिटरमागे हार्डनर जास्त. आयसोसायनेटचा वास कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. बिनवासाचा आहे म्हणून तोंडाला रुमाल बांधून हा पेंट मारणारी पोरं आम्ही चित्रीकरणाच्या काळात पाहिली. रुमालाने काहीही अडत नाही. धुळीच्या मास्कनेही नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने आणून देणारा मास्कच हवा. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून, ०.१ टक्क्याहून जास्त सुटं डायआयसोसायनेट असलेला माल प्रशिक्षणाशिवाय कामगाराच्या हातात देता येत नाही. आपल्या कामगाराची फुप्फुसं काही वेगळी नाहीत. कमी सॉल्व्हंटचा पेंट आणणाऱ्या मालकाने डब्यांच्या ऑर्डरसोबतच हवेच्या नळीची ऑर्डर द्यावी. ती नसेल तर जुना थिनर बरा, असंही मी म्हणणार नाही, पण मग बूथ बंद ठेवा.

(दृश्य : परत टेबल. परत फोर्ड कप.)

मामांनी नवा पेंट हार्डनर घालून ढवळलाय. थिनरचा डबा खाली, फळीवर, झाकण बंद. बोट सुटतं, धार लागते. पोरगा मोबाइलवर वेळ बघतोय, मामा धारेकडे.

२४ सेकंद.

मामा काही बोलत नाहीत. हार्डनरच्या डब्याचे आटे फडक्याने पुसतात, दोनदा, मग झाकण घट्ट फिरवतात. खुंटीवरचा मास्क काढतात, नळी जोडतात. खट्. पोराला हाताने खूण करतात : तू बाहेर हो, दार लाव.