पैसे कुठे वाचवलेत?

(एरंडवण्यातल्या एका सभागृहात हौशी स्कूबा डायव्हर मंडळींपुढे, स्वस्तातली मुक्कामी डाइव्ह बोट कशी निवडावी यावर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "बाकीचं राहू द्या हो, स्वस्तातली एक चांगली बोट सांगा. नुसतं नाव सांगा, मी बुक करून टाकतो." मी म्हटलं, पुढच्या रांगेत बसा. बसलेत बिचारे. आता त्यांची निराशा करतो. नाव मी सांगणार नाही. बोटीचं खानावळीसारखं असतं. आचारी गेला तरी पाटी तीच राहते, आमटी मात्र बदलते. बोटीवरचा तांडेल जातो, मालक बदलतो, कधी तर बोट तीच आणि नाव नवं. तीन वर्षांपूर्वी मला उत्तम वाटलेली बोट आज कशी आहे, ते मी इथे उभं राहून छातीठोकपणे सांगू शकत नाही. बोट कशी निवडायची, ते मात्र सांगू शकतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मालवणला नाहीतर कर्नाटकातल्या नेत्राणीला डाइव्ह केलेली आहे. सकाळी बोट निघते, एक-दोन डाइव्ह होतात, दुपारी जेवायला आपण किनाऱ्यावर. लाइव्हअबोर्ड म्हणजे मुक्कामच बोटीवर. मालदीव आणि इजिप्तकडे याला 'सफारी' म्हणतात. उठलं की पाण्यात, मग नाश्ता, पुन्हा पाण्यात, जेवण, तासभर झोप, पुन्हा पाण्यात, आणि जमलं तर अंधार पडल्यावर चौथी डाइव्ह. हे करायचं कशासाठी, तर चांगल्या जागा लांब असतात. लाल समुद्रातली ब्रदर्स, डेडालस ही ठिकाणं किनाऱ्यापासून इतकी आत आहेत की सकाळी जाऊन संध्याकाळी परत, हा हिशोबच बसत नाही.

हिशोबाचं नाव निघालंच आहे तर ते आधी उरकून टाकू. जाहिरातीत छापलेला आकडा हा तुमचा खर्च नव्हे. त्यावर सागरी उद्यानाचं शुल्क चढतं, इंधनाचा अधिभार चढतो, बीसीडी म्हणजे अंगात घालायचं फुगतं जाकीट आणि रेग्युलेटर म्हणजे श्वास घ्यायचं तोंडातलं यंत्र यांचं भाडं, नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजनवाली हवा घेतलीत तर तिचे पैसे, विमानतळावरून धक्क्यापर्यंतची गाडी आणि शेवटच्या दिवशी कर्मचाऱ्यांची बक्षिसी. मालदीवला व्हिसा आपल्याला पोचल्यावर फुकट मिळतो म्हणून आपण खूश असतो. पण जानेवारी २०२५ पासून बोटीवर राहणाऱ्या पाहुण्याला दिवसाला १२ डॉलर हरित कर आहे, आणि पर्यटनावरचा सेवाकर जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय. तेव्हा सगळं मिळवा आणि डाइव्हच्या संख्येने भागा. समजा एक बोट ६० हजारांत चार रात्री आणि १४ डाइव्ह देते, पण वरचा खर्च १८ हजार. म्हणजे डाइव्हला साधारण साडेपाच हजार पडले. दुसरी तेवढ्याचेच ७२ हजार म्हणते, पण त्यात सगळं आलं. तिची डाइव्ह पाच हजार दीडशेच्या आत. स्वस्त कुठली? हे तुम्हाला सांगायला मी कशाला हवा, पुण्यात भाजी घेणाऱ्या कुणालाही कळतं.

आता मुद्द्यावर येतो. मी तीस वर्षं भोसरीत हवेच्या कॉम्प्रेसरमध्ये काढली, त्यामुळे कुठलंही यंत्र स्वस्तात मिळायला लागलं की मला एकच प्रश्न पडतो: याने पैसे कुठे वाचवलेत? कुठेतरी वाचवलेले असणारच. त्यात गैर काही नाही. एसटीच्या लाल डब्याने आपण सगळे हिंडलोय. सीट फाटकी असते, खिडकी वाजते, पाय मोकळे होत नाहीत. चालतं! ब्रेकवर पैसे वाचवले असतील तर मात्र चालत नाही. पंचाईत अशी की फाटकी सीट चढताक्षणी दिसते, ब्रेक घाटात गेल्यावरच कळतो. बोटीचंही हुबेहूब हेच. दोन बाय सहाची केबिन, सहा जणांत एक संडास, पंखा, रोज तोच भात आणि तीच कोंबडी, हे सगळं मी आनंदाने चालवून घेतो. भाजणीचा डबा आणि मेतकूट बरोबर असतं.

केबिनपासून सुरुवात करू. सगळ्यात स्वस्त केबिन खालच्या डेकवर असते. तुम्हाला बोट लागत असेल तर खरं म्हणजे तीच बरी. बोट डोलते तेव्हा वरचा मजला जास्त झुलतो, पुढचं टोक जास्त आपटतं, खाली मध्यभागी हालचाल सगळ्यात कमी. इंजिनाची धडधड आणि डिझेलचा वास सोसावा लागतो, पण पोट जागेवर राहतं. म्हणजे कमी पैशात चांगली जागा. आणि तीच जागा आग लागली तर सगळ्यात वाईट.

२ सप्टेंबर २०१९. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ बेटाजवळ 'कन्सेप्शन' नावाची डाइव्ह बोट नांगर टाकून उभी होती. पहाटे तीनच्या सुमाराला आग लागली आणि ३४ माणसं गेली. ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी, सगळे खालच्या डेकवर झोपलेले. वर झोपलेले पाच कर्मचारी वाचले. खालून बाहेर पडायला दोन वाटा होत्या. एक जिना आणि एक वर उघडणारं झाकण. पण दोन्ही वाटा निघत होत्या एकाच खोलीत, आणि आग त्याच खोलीत होती! नेमकी कशाने पेटली ते चौकशीत ठरवता आलं नाही. त्या खोलीत रात्री बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या, तो एक संशय. जे निश्चित झालं ते असं की रात्री गस्त घालणारा एक माणूस जागा असायला हवा, ही अट त्या बोटीच्या कागदपत्रांतच होती, आणि त्या रात्री झाडून सगळे झोपले होते. लक्षात घ्या, ही कुठल्या गरीब देशातली खटारा बोट नव्हती. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तपासलेली, कागदपत्रं असलेली बोट होती.

मी थायलंडमध्ये एका स्वस्त बोटीवर होतो. केबिन खालची. संध्याकाळी चढल्या चढल्या मी बंकपासून बाहेर पडायची वाट डोळे मिटून चालून बघितली. अकरा पावलं आणि सात पायऱ्या. बरोबरची तरुण मंडळी हसत होती, काकांना काय झालं म्हणून. मग दुसरी वाट शोधली. ती होती पुढच्या बंकच्या डोक्यावर, एक चौकोनी झाकण. ढकलून बघितलं तर हलेना. वर जाऊन बघतो, तर झाकणावर थंड पेयांचे चार क्रेट रचलेले. मी तांडेलाला दाखवलं. तो अतिशय गोड हसला, पोऱ्याला हाक मारून क्रेट हलवले. दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा तिथेच, या वेळी पाच. चारही रात्री निजायच्या आधी क्रेट उचलून बाजूला ठेवणं हे माझं काम झालं होतं. त्या तांडेलाचा राग येत नाही मला. त्याच्या लेखी ते झाकण म्हणजे क्रेट ठेवायची सपाट जागा होती, इतकंच.

महाग बोटीत हे प्रश्न नसतात, असं समजू नका. २०२४च्या नोव्हेंबरात इजिप्तमध्ये मर्सा आलमजवळ 'सी स्टोरी' नावाची बोट पहाटे उलटली. २०२२ साली बांधलेली, चार मजल्यांची, देखणी. बुडालेल्या बोटीत अडकलेली काही माणसं एका दिवसाहून जास्त वेळानंतर जिवंत बाहेर काढली. त्या एका बोटीबद्दल मी निवाडा देत नाही. पण कुठल्याही बोटीचा फोटो बघताना मी आधी ती बाजूने कशी दिसते ते बघतो. आपण कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली बघतो ना, चाकं इवलीशी आणि वर ऊस आभाळाला टेकलेला? तसं ध्यान दिसलं की मी पुढे जातो. वरच्या गच्चीवर गरम पाण्याचा टब असणं ही माझ्या लेखी सोय नाही, डोक्यावरचं ओझं आहे. बुटकी, रुंद, कुरूप बोट मला आवडते, आणि बहुधा ती स्वस्तही असते.

आता हवा. हा माझा प्रांत, त्यामुळे दोन मिनिटं जास्त घेईन. बोटीवरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, गाळतो आणि दोनशे बारच्या दाबाने टँकमध्ये कोंबतो. बाहेरची हवा म्हणजे कुठली? तर त्याचा नळ जिथे उघडा आहे तिथली. त्याच थायलंडच्या बोटीवर तिसऱ्या डाइव्हला मला रेग्युलेटरमधून चव आली. स्वारगेटला सिग्नलला रिक्षाच्या मागे उभं राहिल्यावर येते ना, तीच. डाइव्ह सोडून वर आलो. बघतो तर नळ मागच्या कठड्याला सुतळीने बांधलेला, आणि जनरेटरचा धूर त्याच्या हातभर खाली. बोट चालू असताना धूर मागे उडून जातो. नांगरावर असताना वारा फिरला आणि सगळा धूर नळात. कॉम्प्रेसरवरच्या मुलाला खुणेने दाखवलं, दोघांनी मिळून नळ वाऱ्याच्या बाजूला, छताच्या वर नेऊन बांधला. खर्च शून्य. जळक्या डिझेलचा वास येतो म्हणून तो तरी कळतो. त्याच्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि तीस मीटरवर दाब चौपट, म्हणजे वर जेवढा विषारी वायू सोसला असता त्याच्या चौपट मारा. प्रत्येक टँकला रेग्युलेटर लावण्याआधी व्हॉल्व्ह जरा उघडून हुंगा. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते विचारा. वही काढून तारीख दाखवणारी बोट असेल तर चादरीला भोकं असली तरी चालतील.

मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी कॉम्प्रेसर आणि टँक वेगळ्या धोणीवर, म्हणजे तिथल्या छोट्या बोटीवर असतात, मोठी बोट फक्त राहायला. झोपायला शांतता मिळते, हा त्यातला फायदा.

माणसांबद्दल एकच सांगतो. एका गाइडमागे किती जण, ते विचाराच. चार ठीक, सहा कसेबसे, आठ म्हणजे सहल. आणि गटात कोण आहेत? स्वस्त बोट भरायची म्हणून कालच ओपन वॉटर हा पहिला कोर्स झालेला, ज्याची मर्यादा १८ मीटर, त्याला आणि पाचशे डाइव्हवाल्याला एकाच गटात घालतात. मग एक जण कंटाळतो आणि दुसरा घाबरतो. ब्रदर्स-डेडालसच्या फेऱ्यांना ५० डाइव्हची अट घालतात, ती तुम्हाला त्रास द्यायला नाही. तिथे ओढ असते, खाली तळ नसतो. तुमच्या वहीत वीस डाइव्ह असतील तर थायलंडमधलं सिमिलान बघा. आणि स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र, आणि सॉसेज बाळगा. सॉसेज म्हणजे वर येताना फुगवून सोडायची ती नारिंगी नळी, खायचं नव्हे. लाटांत तुमचं डोकं डिंगीवाल्याला नारळाएवढंसुद्धा दिसत नाही.

हंगाम झटपट सांगतो. सिमिलान साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं, त्यामुळे दिवाळीची सुट्टी छान बसते. मुलांची मेची सुट्टी धरायची असेल तर इंडोनेशियातलं कोमोडो बघा, तिकडे तेव्हा कोरडे दिवस असतात. हंगामाच्या तोंडाशी आणि शेपटीला दर उतरतात. हवा थोडी बेभरवशाची, पण बोट तीच.

परतीचा दिवस मात्र पैसे वाचवण्याच्या नादात कापू नका. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर शरीरात मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे. मी पूर्ण दिवस धरतो. म्हणजे एका रात्रीचं हॉटेल वाढतं, ते बजेटमध्ये आधीच लिहा. आपण पुणेकर आणखी एक गोष्ट विसरतो. मालवणला दुपारी डाइव्ह करायची आणि रात्री गाडी काढून आंबोलीच्या घाटाने घरी, हे आपण सर्रास करतो. आंबोली सातशे मीटरच्या आसपास, पुणं साडेपाचशेच्या वर. डायव्हिंगच्या हिशोबात तीनशे मीटरच्या वर गेलं की उंची मोजायला लागते. शरीराला विमान काय आणि घाट काय, दाब कमी झाला एवढंच कळतं. मासे खा, मुक्काम करा, सकाळी निघा. (हशा) हसताय, पण इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी हे केलंय.

तर, ते गृहस्थ अजून माझ्याकडे बघतायत. बुक करण्याआधी मी काय करतो ते सांगतो. बोटवाल्याला मेल टाकतो. पहिला प्रश्न, रात्री जागं कोण असतं? दुसरा, खालच्या केबिनची दुसरी वाट कुठे निघते? तिसरा, बॅटऱ्या कुठे चार्ज करू देता? बस्स, तीनच. गेल्या खेपेला चार बोटींना विचारलं. एकीने उत्तरच दिलं नाही. दुसरीने माहितीपत्रक पाठवलं, त्यात सूर्यास्ताचे अकरा फोटो. तिसरीने लिहिलं, काळजी नसावी, आमच्याकडे कधी काही झालेलं नाही. चौथीचं उत्तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत, दोन ओळींचं. चार्जिंग फक्त वरच्या डेकवर, रात्री दहाला बंद. दुसरी वाट पुढच्या डेकवर निघते. आणि सोबत एक फोटो, रात्री काढलेला, जरा हललेला: प्लास्टिकच्या स्टुलावर एक पोरगा, मांडीवर टॉर्च, पायाशी थर्मास, मागे भिंतीवर गस्तीचा तक्ता आणि त्यावर दर तासाची सही.

मी तिचेच पैसे भरले. केबिनचा एसी दुसऱ्या रात्री बंद पडला तो शेवटपर्यंत चालू झाला नाही. आम्ही गाद्या घेऊन वर डेकवर झोपलो, आणि दर तासाला तो पोरगा आमचे पाय ओलांडून जायचा.