शाळेचा अक्षयनिधी : देण्याआधी आणि घेण्याआधी

शाळेच्या अक्षयनिधीला देणगी देणाऱ्याच्या मनात बहुधा एक ठरलेला हिशेब असतो. रक्कम गुंतवली जाईल, मुद्दलाला कुणी हात लावणार नाही, दरवर्षीच्या उत्पन्नातून काही मुलांची फी भरली जाईल आणि हे असंच चालत राहील. हिशेब सरळ आहे, पण त्यात महागाई धरलेली नाही.

एक कोटीची देणगी घ्या. चलन कोणतंही धरा. गुंतवणुकीवर वर्षाला 7 टक्के मिळतात आणि शाळेचा खर्च वर्षाला 5 टक्क्यांनी वाढतो, असं समजू. शाळेने दरवर्षी सगळेच्या सगळे 7 लाख खर्च केले, तरी 15 वर्षांनी खात्यात एक कोटी दिसेलच. ताळेबंद बघणारा म्हणेल, मुद्दल शाबूत आहे. पण त्या 7 लाखांत तेव्हा आजच्या निम्म्याहूनही कमी काम होईल. आज चार मुलांची फी भरणारा निधी त्या वर्षी दोघांचीही पूर्ण फी भरू शकणार नाही. शाळेच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा असतो आणि शिक्षकाचं काम यंत्र लावून दुप्पट वेगाने उरकता येत नाही. म्हणून हिशेबात बाजारातल्या महागाईचा सर्वसाधारण दर धरू नये, शाळेच्या स्वतःच्या खर्चवाढीचा दर धरावा. मागच्या दहा वर्षांची अंदाजपत्रकं समोर ठेवली की तो अर्ध्या तासात निघतो.

यातून उचलीचा, म्हणजे दरवर्षी निधीतून खर्चासाठी किती काढायचं याचा, नियम येतो. दीर्घ मुदतीत जे उत्पन्न अपेक्षित आहे, त्यातून खर्चवाढ वजा करा, निधी सांभाळण्याचा खर्चही वजा करा. उरेल तेवढीच उचल. वरच्या उदाहरणात 7 मधून 5 गेले, व्यवस्थापनाचा अर्धा टक्का गेला, उरला दीड टक्का. म्हणजे कोटीमागे वर्षाला दीड लाख. हा आकडा ऐकून देणगीदाराचा चेहरा उतरतो, पण तो आधीच उतरलेला बरा. 4 टक्के उचलायचे असतील तर दीर्घ मुदतीत साडेनऊ टक्के मिळवावे लागतील. ते केवळ ठेवींतून सहसा मिळत नाहीत, समभाग घ्यावे लागतात आणि त्याबरोबर चढउतार येतात. स्थानिक कायदा समभागांना परवानगी देतो का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. अमेरिकेतल्या शिक्षणसंस्थांत 4 ते 5 टक्के उचल रूढ आहे. तिथे 2006 मध्ये आलेल्या नमुना कायद्यात राज्यांना ऐच्छिक असलेलं एक कलम आहे. किमान तीन वर्षांच्या सरासरी मूल्याच्या 7 टक्क्यांहून जास्त उचल त्यानुसार अविवेकी मानली जाते, आणि ती तशी नव्हती हे दाखवण्याची जबाबदारी विश्वस्तांवर येते. हे आकडे त्यांच्या महागाईचे आणि त्यांच्या बाजाराचे आहेत. दुसऱ्या देशातल्या शाळेने ते जसेच्या तसे आपल्या ठरावात उतरवणं धोक्याचं. अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी 1974 मध्ये विश्वस्तांचं काम नेमकं मांडलं: आजच्या गरजांच्या रेट्यापासून उद्याचं रक्षण करणं. अशी उचल ठरवा, की आजच्या आणि पन्नास वर्षांनंतरच्या विद्यार्थ्याला सारखाच आधार मिळेल.

उचलीचा दर ठरला, तरी तो कोणत्या रकमेवर लावायचा हे उरतंच. वर्षअखेरच्या बाजारमूल्यावर लावला तर शिष्यवृत्त्या बाजाराबरोबर हेलकावे खातील. सहावीत फी माफ झालेल्या मुलीला आठवीत ‘यंदा बाजार पडला’ असं सांगता येत नाही. म्हणून मागच्या तीन वर्षांची, शक्यतो बारा तिमाह्यांची सरासरी धरतात. निधीचं मूल्य तीन वर्षांत 100, 110 आणि 80 लाख असं राहिलं, तर शेवटच्या आकड्यावर 4 टक्क्यांनी 3 लाख 20 हजार मिळतील; सरासरीवर सुमारे 3 लाख 87 हजार. दुसरी पद्धत मिश्र आहे: 70 टक्के वजन मागच्या वर्षीच्या उचलीत महागाई मिळवून येणाऱ्या रकमेला आणि 30 टक्के वजन बाजारमूल्यावरच्या उचलीला. मागची उचल 4 लाख आणि महागाई 5 टक्के असेल, तर याच निधीतून 3 लाख 90 हजार निघतात. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ते एकच: दरवर्षी सभेत बसून ‘यंदा किती लागतील?’ असं विचारत आकडा ठरवणं. बाजार 30 टक्के पडला तर मूळ जागी यायला जवळपास 43 टक्के वाढ लागते, आणि त्याच काळात उचल वाढवली तर हा चढ आणखी उभा होतो.

आता देणगीदाराच्या बाजूने पाहू. 4 टक्के उचल असेल तर कोणत्याही वार्षिक खर्चाला कायमचा आधार द्यायला त्याच्या 25 पट रक्कम लागते. 2 टक्के असेल तर 50 पट. एका विद्यार्थ्याच्या फीइतकी रक्कम आपण दरवर्षी देत असाल आणि आपल्यामागेही ती चालू राहावी असं वाटत असेल, तर मृत्युपत्रात लिहायचा आकडा या गुणाकारातून येतो. ज्यांची देणगी तेवढी होणार नाही त्यांनी स्वतंत्र नावाच्या निधीचा हट्ट धरू नये. इतरांबरोबर एका सामाईक निधीत भर घालावी. पंचवीस छोट्या निधींची पंचवीस खाती, पंचवीस अहवाल आणि पंचवीस निवड समित्या सांभाळण्यात शाळेच्या कार्यालयाचा जो वेळ जातो, त्याचा खर्च कुणीच मोजत नाही.

स्वतंत्र नावाचे निधीसुद्धा गुंतवणुकीसाठी एकत्र ठेवता येतात. म्युच्युअल फंडासारखे हिस्से पाडायचे. एकत्रित निधीच्या एका हिश्श्याचं मूल्य आज 1,250 असेल, तर 20 लाखांच्या नव्या देणगीला 1,600 हिस्से मिळतील. पुढची वाढ, घट आणि उचल हिश्श्यांच्या प्रमाणात. मूल्यांकनाच्या तारखा मात्र आधी ठरलेल्या हव्यात, नाहीतर जुन्या देणगीदारांची वाढ नव्याच्या पदरात पडते.

इमारतीसाठीच्या देणग्यांबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. नव्या प्रयोगशाळेला देणगीदार लवकर मिळतो, तिच्या छताच्या दुरुस्तीला मिळत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 1990 मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी सांगितलेलं प्रमाण असं, की देखभाल-दुरुस्तीसाठी दरवर्षी पुनर्बांधणीच्या किमतीच्या 2 ते 4 टक्के हवेत. खालचा आकडा धरला आणि उचल 4 टक्के असली, तरी देखभालीचा निधी बांधकामखर्चाच्या निम्मा भरतो. म्हणजे एक कोटीच्या इमारतीबरोबर 50 लाखांचा निधी. इतकं मागायचं धाडस बहुतेक शाळांना होत नाही, आणि मग ती देखभाल पुढच्या पालकांच्या फीमध्ये जाऊन बसते. देणगीच्या करारात यातला निदान काही भाग तरी आधीच वेगळा काढलेला असावा.

करारातली सर्वांत महागडी चूक म्हणजे हेतू अरुंद लिहिणं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे व्यापारी स्टीफन जिरार्ड 1831 मध्ये वारले. त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग एका निवासी शाळेसाठी ठेवला आणि प्रवेशाची अट घातली: गरीब, गोरे, अनाथ मुलगे. शाळा 1848 मध्ये उघडली. विसाव्या शतकात ही अट न्यायालयात गेली, वर्षानुवर्षं खटले चालले आणि कृष्णवर्णीय मुलांना दार उघडलं ते 1968 मध्ये. मुलींना प्रवेश मिळायला 1984 उजाडलं. याउलट एडवर्ड हार्कनेस या दानशूर धनिकांनी 1930 मध्ये फिलिप्स एक्झिटर अकॅडमी या अमेरिकी निवासी शाळेला 58 लाख डॉलर दिले, ते लहान वर्गांत, एका टेबलाभोवती बसून चर्चेतून शिकवता यावं म्हणून. हेतू स्पष्ट होता, पण कोणता विषय, कोणती मुलं, कोणतं पुस्तक यात तो अडकला नाही. ती पद्धत तिथे आजही चालते.

आपल्या करारात म्हणूनच हेतूची दोन वाक्यं हवीत. पहिल्यात पसंती: ‘शक्यतो विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना’. दुसऱ्यात पर्याय: हा हेतू निरुपयोगी किंवा अशक्य झाला, तर विश्वस्तांनी मूळ इच्छेच्या जास्तीत जास्त जवळच्या कामासाठी निधी वापरावा. हे दुसरं वाक्य नसलं की बरेचदा न्यायालयाची किंवा नियामकाची परवानगी लागते. शिवाय शाळा विलीन किंवा बंद झाली तर पैसा कुठे जाईल, देणगीचे हप्ते राहिले तर निधीला देणगीदाराचं नाव राहील का, आणि निधीचं मूल्य मूळ देणगीच्या खाली गेलं तर त्या वर्षी उचल करायची की थांबायचं, हेही लिहून ठेवा. शिष्यवृत्ती कुणाला मिळावी हे देणगीदाराने ठरवू नये. बऱ्याच देशांत त्याने करसवलत धोक्यात येते, आणि कायद्याचं सोडलं तरी शाळेत ‘अमक्यांचा मुलगा’ तयार होतो, ते वेगळंच.

आता शाळेच्या बाजूने काय बिघडतं? निधीतून शिष्यवृत्तीचे 5 लाख आले की शाळा आपल्या अंदाजपत्रकातली फीमाफीची तरतूद गुपचूप 5 लाखांनी कमी करते. कागदोपत्री अट पाळली जाते, पण एकाही जास्त मुलाला मदत मिळत नाही. यावर उपाय एकच, करारात ‘सध्याच्या तरतुदीव्यतिरिक्त’ हे शब्द आणि सुरुवातीच्या वर्षाचा आकडा. दुसरं दुखणं अंतर्गत उसनवारीचं: बांधकाम अडलं की निधीतून उचलायचे आणि ‘पुढच्या वर्षी परत करू’ म्हणायचं. असं उसनं घेण्यावर सरळ बंदी असावी, निदान व्याज आणि परतफेडीची तारीख लिहिलेला ठराव तरी असावा. तिसरं, विश्वस्तांनी स्वतः बाजूला काढलेली शिल्लक आणि देणगीदाराने कायमसाठी दिलेली रक्कम एकाच ओळीत दाखवणं. पहिली ते ठराव करून खर्चू शकतात, दुसरी नाही. आणि जिच्याकडे तीन-चार महिन्यांच्या खर्चाइतकी राखीव रक्कमही नाही, अशा शाळेने अक्षयनिधीची मोहीमच काढू नये. पहिल्याच अडचणीत तिचं लक्ष त्या निधीकडे जाणार.

मृत्युपत्रातून देणार असाल तर शाळेचं बोलीतलं नाव लिहू नका, ती चालवणाऱ्या संस्थेचं नोंदणीकृत नाव लिहा. शाळा ही बरेचदा स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसते. ठरावीक रकमेऐवजी मालमत्तेतल्या उरलेल्या भागाची टक्केवारी लिहिली तर महागाईचा प्रश्नही सौम्य होतो. शेअर दिले तर शाळेने ते लगेच विकून सामाईक निधीत घालावेत, देणगीदाराच्या कंपनीवरची श्रद्धा हे गुंतवणुकीचं धोरण नव्हे. जमीन स्वीकारण्याआधी हक्क, कर, अतिक्रमण आणि विक्रीची शक्यता तपासावी. नको ती जमीन नाकारण्याचा अधिकार शाळेच्या धोरणातच लिहिलेला असावा.

वर्षाचा अहवाल एका पानाचा पुरतो. वर्षारंभीचं मूल्य, नवी देणगी, उत्पन्न, खर्च, उचल, वर्षअखेरचं मूल्य. आणि शेजारी, महागाई धरली असती तर मूळ देणगी आज किती व्हायला हवी होती तो आकडा. शेवटचे दोन आकडे शेजारी-शेजारी छापायला जी शाळा तयार नसेल, तिला कायमची देणगी देऊ नये. त्यापेक्षा तिच्या यंदाच्या वाचनालयाला किंवा यंदाच्या फीमाफीला द्यावी आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं.