भांडारकर नक्की कोणाचे?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘धर्मसुधारणा आणि संशयित विद्वान’. ते ‘संशयित’ वाचून आमच्या बिल्डिंगमधल्या एकांनी काळजीनं विचारलं, ‘काय हो, केस झाली का?’ नाही. अजून तरी नाही.

न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव निफाड आपल्या नाशिक जिल्ह्यात, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल मी त्यांच्यावर बोलणार. त्यांची चहाची गोष्ट शेवटी सांगतो. आधी रामकृष्ण गोपाळ भांडारकर, संस्कृतचे पंडित आणि सुधारक. ते मालवणचे, पण आपल्या पांडवलेण्यांतले शिलालेख त्यांनी वाचले आणि त्यावरचा निबंध १८७४ साली लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेपुढे गेला. एवढं नातं मला पुरे.

आता पांडवलेणी म्हटलं की माझी गाडी तिकडेच वळते. गेल्या थंडीत एक ग्रुप घेऊन चढलो. पायऱ्या संपायच्या आत एका काकूंनी विचारलं, ‘भीमाची खोली कोणती?’ म्हटलं, काकू, पांडवांचा इथं संबंध नाही, ही भिक्षूंची लेणी. काकू खट्टू झाल्या. मग दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख दाखवला. हा नहपान क्षत्रपाचा, म्हणजे इथल्या तेव्हाच्या राजाचा, जावई, शक, म्हणजे बाहेरून आलेल्यांतला. त्यानं ३ लाख गाई दान केल्या, प्रभासला ८ ब्राह्मणांची लग्नं लावून दिली, गोवर्धनात धर्मशाळा बांधली (हो, आपलं गंगापूर-गोवर्धनच ते). आणि हे सगळं कोरलं कुठं? बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर! एक तरुण खूश झाला. ‘म्हणजे तेव्हा भेद नव्हताच, सर!’ म्हटलं, थांब, तिसऱ्या लेण्यात चल. तिथं सातवाहनांच्या राजमाता गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचं, राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक कोरून घेतलंय. ‘एकब्राह्मण’ म्हणजे अद्वितीय ब्राह्मण काय, चार वर्णांचा संकर थांबवणारा काय! आणि ते लेणं दिलंय पुन्हा भिक्षूंनाच. तरुणाचा चेहरा उतरला. मागून एक पेन्शनर पुटपुटले, ‘हे मोठ्यानं वाचायची गरज होती का?’ उतरताना दोघांनी मला वेगवेगळं गाठलं आणि प्रश्न मात्र एकच विचारला, ‘सर, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?’ मी म्हटलं, दगडाच्या. थाप होती ती. मला खरं तर काकूंना भीमाची खोली शोधून द्यायची होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. लेण्यांतच पाऊण तास गेला की! बरं, आता पळतो.

१८९१. संमतिवयाचं बिल, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाला कायद्यानं लागणारं १० वर्षांचं किमान वय १२ करायचं. टिळक म्हणाले, परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, आणि मुलगी वयात येताच करायच्या गर्भाधान संस्काराचं काय? भांडारकरांनी गृह्यसूत्रं आणि स्मृती काढून दाखवलं की मुलगी वयात आल्यावर लग्न करणं शास्त्राला चालत होतं. झालं! सनातन्यांच्या लेखी हा प्रार्थना समाजिस्ट, म्हणजे मूर्तिपूजा न मानणाऱ्या सुधारकांतला, विधवा मुलीचा पुनर्विवाह लावणारा बाप. त्याच्याकडून कोण शास्त्र ऐकणार? आगरकरांचा सूर उलटा, सुधारणा बुद्धीला पटली की पुरे, शास्त्राच्या कुबड्या कशाला? फुल्यांनी तर १८८५ मध्येच ‘सत्सार’मधून प्रार्थना समाजाचा समाचार घेतला होता. मला विचाराल तर आगरकरांचं बरोबर होतं. पण लोक अडून बसले होते पोथीवर, तेव्हा पोथी वाचता येणारा माणूस लागणारच. आणि खरोखर वाचणाऱ्याची पंचाईत अशी, की पोथीत प्रत्येक बाजूला नकोसं असं एक तरी वाक्य निघतं, आणि राग मात्र पोथीवर निघत नाही. याला आणखी दोन उदाहरणं आणली होती, ती खिशातच राहिली.

आता चिठ्ठी नाही, अध्यक्ष स्वतःच उठलेत. पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधला १८९० चा चहा राहिलाच. त्या चहाला रानड्यांबरोबर टिळकही होते बरं का, आणि प्रायश्चित्त दोघांनाही घ्यावं लागलं! मागे चहा-बिस्किटं मांडलीत, तिथं या, सांगतो.