कल्हई उडालेली दिसते, ही दिसत नाही

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकते, मी काही प्रोफेसर वगैरे नाही, इंदूरजवळ पीथमपूरला एका छोट्या कंपनीत लॅब सांभाळते. आमची कंपनी काय करते, तर दाराची हँडलं, लिफ्टची बटणं, बसमधले धरायचे दांडे, हॉस्पिटलच्या पलंगांचे कठडे, यांच्यावर असा थर चढवते की त्याच्यावर येऊन बसलेले जंतू मरावेत. नॅनो कोटिंग म्हणतात त्याला. मंडळाच्या काकू म्हणाल्या की सोप्या भाषेत सांग बाई, आम्हाला नॅनो म्हटलं की टाटांची गाडी आठवते, म्हणून मी कल्हईपासून सुरू करते.

इंदूरला रामबागेत आजीकडे होतो तेव्हा कल्हईवाला यायचा, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. अंगणात खड्डा करून भाता लावायचा, पातेलं लालबुंद तापवायचा, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर, नाकात झोंबायचा अगदी, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक हात असा गर्रकन फिरवला की पिवळं पातेलं चंदेरी. का करायचो हे? कारण पितळेत, तांब्यात ताक ठेवलं की कळकतं. कळकतं म्हणजे काय, तर आंबटामुळे तांब्याचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले बारीक कण, सुटून ताकात उतरतात. आता गंमत बघा, हेच आयन जंतूच्या अंगात शिरले की त्याचे एन्झाइम बिघडतात, वरचं आवरण फाटतं, तो मरतो. म्हणजे आजी ज्याला घाबरून कल्हई करायची तोच गुण आम्ही विकायला काढलाय. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००८ साली तांब्याच्या मिश्रधातूंना तशी रीतसर नोंदणी दिली, कमीत कमी ६० टक्के तांबं असलेल्या, की नियमित साफ केलेल्या पृष्ठभागावर दोन तासांत ९९.९ टक्के बॅक्टेरिया मरतात असं म्हणायला हरकत नाही.

चांदीचंही तसंच. मग कोणी म्हणेल सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, मिठाईवर वर्ख असतोच की, त्याने का नाही मरत सगळे? कारण आयन सुटतात ते वरच्या पृष्ठभागातून. एक सेंटीमीटरचा चांदीचा ठोकळा घ्या, साडेदहा ग्रॅम, तोळाभरच समजा, सहा बाजू मिळून पृष्ठभाग सहा चौरस सेंटीमीटर. त्याचेच दहा-दहा नॅनोमीटरचे तुकडे केले, नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, तर सगळा पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे साडेसहा हजार स्क्वेअर फूट जवळजवळ, आपला हा हॉल कितीतरी वेळा मढवून होईल. चांदी तीच, तोळाभर. नॅनोची सगळी जादू एवढीच आहे, बाकी पोस्टरवर जे निळे-निळे गोळे चमकताना दाखवतात ते आमच्या मार्केटिंगवाल्यांचं डोकं.

तिसरा एक प्रकार असतो, आम्ही मुख्यतः तोच करतो, त्यात धातू नाहीच. सिलेन नावाच्या सिलिकॉनवाल्या रसायनाचा रेणू, एक टोक स्टीलला चिकटतं आणि दुसरीकडे कार्बनची लांब शेपटी, तिच्या बुडाशी धन भार. जंतूचं आवरण ऋण भाराचं, म्हणून तो ओढला जातो आणि आवरण फाटतं. शाळेतलं चुंबक आठवा, तसंच काहीसं, तंतोतंत नाही.

आता ९९.९ चं सांगते, कारण याच्यावर माझं आणि आमच्या सेल्सच्या साहेबांचं दर महिन्याला वाजतं. दहा लाख जंतूंतले ९९.९ टक्के मेले तरी हजार उरतात, आणि ओल मिळाली तर ते परत वाढतात. दुसरं म्हणजे टेस्ट कशी होते ते बघा. आयएसओ २२१९६ नावाची टेस्ट आहे, त्यात तुकड्यावर जंतूंचं पाणी टाकतात, वर प्लॅस्टिकची फिल्म झाकतात आणि ३५ डिग्रीला, ९० टक्क्यांच्या वर दमट हवेत २४ तास ठेवतात. इंदूरचं मे महिन्यातलं दाराचं हँडल असं असतं का हो? कोरडं ठणठणीत, वर धूळ, कचोरीच्या तेलाचे हात. आयन सुटायला ओल लागते आणि धुळीच्या थरावर बसलेला जंतू खालच्या कोटिंगपर्यंत पोचतच नाही. बरं, ती टेस्ट दोन बॅक्टेरियांवर होते, व्हायरसची टेस्ट वेगळी, आयएसओ २१७०२, आणि साहेबांना खोक्यावर ‘व्हायरस’ शब्द पाहिजेच होता. मी सही केली नाही. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी, मग त्यांनीच समोसे मागवले.

कोरोनात आम्हाला फोनवर फोन यायचे. तेव्हा लोक भाजीसुद्धा साबणाने धूत होते, आमच्याकडेही धुतली, खोटं कशाला बोलू. मग २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून कोरोना होण्याची शक्यता दर स्पर्शाला दहा हजारात एकापेक्षा कमी. आमचा धंदा बसला. पण पोटाचे आजार, हॉस्पिटलमधले जखमेचे इन्फेक्शन, तिथे हात आणि हँडल यांचा संबंध आहेच, म्हणून मी अजून या कामात आहे.

खरी गोष्ट पुढेच आहे. एका दवाखान्यात, नाव नको, आम्ही सगळ्या दारांची हँडलं कोट करून दिली. लॅबमध्ये रिपोर्ट फर्स्ट क्लास होते. तीन महिन्यांनी मी बघायला गेले. आमच्याकडे एक निळा रंग असतो, ब्रोमोफिनॉल ब्लू, तो धन भाराला धरून बसतो, म्हणजे कोटिंग आहे तिथे पाण्याने धुतलं तरी निळं राहतं आणि नाही तिथे वाहून जातं. मी ओपीडीच्या हँडलला तो लावला, बाटलीच्या पाण्याने धुतला. वरचं टोक निळं, खालचं टोक निळं, भिंतीकडची बाजू छान निळी, आणि मध्ये जिथे तळवा पडतो तिथे चार बोटांचे पट्टे दिसावेत असं लख्ख स्टील. म्हणजे जिथे कोणी हात लावत नाही तिथे कोटिंग शाबूत होतं.

मी तिथे बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने सफाईवाल्या मावशी आल्या, हँडलवर भांड्याचा साबण घातला आणि तारेची घासणी काढली. मी म्हटलं मावशी, अहो हळू. त्या म्हणाल्या, ताई, इंदूर आहे, पहिला नंबर असाच येतो का? आता काय बोलणार, २०१७ पासून वर्षामागून वर्ष स्वच्छतेत देशात पहिला नंबर आणलाय तो असल्याच हातांनी. आणि नुसती घासणीच नाही, साबणसुद्धा आमच्या मुळावर, कारण तो ऋण भाराचा, आमच्या धन भाराला जाऊन चिकटतो आणि उरलंसुरलं कोटिंगही झाकून टाकतो. हे मला पुस्तकात माहीत होतं, पण वापरायच्या सूचनांमध्ये आम्ही ते लिहिलंच नव्हतं, ‘नेहमीप्रमाणे साफ करा’ एवढंच छापलं होतं. ती चूक माझीच.

कल्हई उडाली की आजीला दिसायची, आत पिवळे डाग पडायचे, मग कल्हईवाल्याची वाट बघायची. आमचं कोटिंग उडालं तरी हँडल तसंच चकचकीत, स्टिकरही तसाच चिकटलेला. म्हणून आता आम्ही स्टिकरवर तारीख छापतो, साबण नको ते मोठ्या अक्षरात हिंदीत लिहितो आणि सोबत निळ्या रंगाची बाटली देतो, की बाबा तुम्हीच तपासा. सेल्सवाल्यांना हे अजिबात आवडलेलं नाही.

दवाखान्याच्या डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, मग सरळ पितळच लावतो. मी म्हटलं लावा, चांगलंच आहे, काळं पडलं तरी काम करतं, फक्त बाजारातल्या नव्या हँडलवर लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, असतं ते आधी काढून घ्या, नाहीतर तांबं झाकलेलंच राहील. त्यांनी बर्तन बाजारातून माणूस पाठवून ओळीने पितळेची हँडलं बसवून घेतली, मलाही फोटो पाठवला. दीड महिन्याने परत फोन आला. दोन हँडलं रात्रीतून कोणीतरी स्क्रू काढून नेली होती, भंगारात पितळेला भाव आहे ना. म्हणाले, मॅडम, ते तुमचं न दिसणारंच परत लावून द्या.