अर्धा सरकवलेला पडदा

नमस्कार मंडळी, आज जरा घराच्या दाराबद्दल बोलूया. वरळीच्या बीडीडीत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी चाळींत, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या, १६० चौरस फुटांच्या खोलीतून एकदम ५०० फुटांत, आनंदाचीच गोष्ट आहे. पण मी नायगावच्या बीडीडीत वाढलो, म्हणून एक सांगावंसं वाटतं.

आमच्या मजल्यावर २० खोल्या, मधे लांबलचक पॅसेज, आणि दारं दिवसभर उघडी. मग प्रायव्हसी? ती पडद्यात असायची. पडदा अर्धा सरकवलेला असला तर बिनधास्त आत घुसायचं, पूर्ण ओढलेला असला तर बाहेरूनच हाक मारायची, आणि दारच लोटलेलं असलं तर कुणीतरी आजारी आहे नाहीतर नवराबायकोचं वाजलंय, हे आम्हा पोरांनापण न शिकवता कळायचं. चाळीचे गोडवे गात नाही हां मी, ताईला कपडे बदलायचे असले की आम्ही सगळे पॅसेजमध्ये, नवीन लग्न झालेल्यांचं तर विचारूच नका.

आता आमची आत्या लालबागला टॉवरमध्ये १४ व्या मजल्यावर राहते. दारं अगदी समोरासमोर, उघडं ठेवलं की समोरच्याला थेट किचनपर्यंत दिसतं, मग ती दार लावते, समोरचेही लावतात, आणि आपण म्हणतो लोकं बदलली. अहो, दारं दोन-तीन फूट इकडेतिकडे सरकवली असती तरी चाललं असतं ना! गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये, त्या पुनर्वसन वसाहतीत, तर बिल्डिंगा इतक्या जवळ, मधे जेमतेम ३ मीटर, की खिडकी उघडली की समोरच्याच्या घरात नजर जाते, म्हणून खिडकीच बंद, मग हवापण बंद.

शेजारही हवा आणि प्रायव्हसीही, हे ज्यांना जमलं त्यांचं बघायचं असेल तर लोकल पकडून बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये जा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीसाठी, केलेली वसाहत. सात घरं मिळून साधारण ८ बाय ८ मीटरचं एक अंगण, असे तीन गट मिळून त्याहून मोठं अंगण, पण कुठल्याच दोन घरांची भिंत कॉमन नाही, शेजाऱ्याकडे उघडणारी खिडकी नाही, आणि प्रत्येकाला स्वतःची थोडी उघडी जागा. सातच घरं असली की अंगणात नवा माणूस कोण आला ते लगेच कळतं. आता तिथली बरीच घरं लोकांनी वाढवलीत, पाडून नवी बांधलीत, तो वेगळा विषय.

टॉवरमध्ये अंगण कुठून आणणार, बरोबर आहे. पण दाराबाहेरची भिंत थोडी आत घेतली तर चपला आणि एक स्टूल मावतं, पॅसेजच्या टोकाला खिडकी दिली तर तिथे दोन माणसं उभी राहून बोलतात. आणि चाळकऱ्यांना टॉवरमधल्या घरांची सोडत काढताना पाच-सहा कुटुंबांना एकत्र एकाच मजल्यासाठी नाव देऊ द्या की! नाहीतर चाळीस वर्षांचा शेजार एका चिठ्ठीत चौथ्या आणि एकविसाव्या मजल्यावर जातो.

आत्या सुरुवातीला दाराबाहेर स्टुलावर बसून मेथी निवडायची, तर नोटीस लागली, पॅसेजमध्ये सामान ठेवू नये. स्टूल आत गेलं. परवा गेलो तर सेफ्टी डोअरला आतून चाळीतलाच जुना फुलाफुलांचा पडदा, अर्धा सरकवलेला, कडी काढलेली. मी बेल वाजवलीच नाही.