आधी सावली बघा, मग दिवा लावा

(दृश्य: अर्धवट वर गेलेलं शटर. आत कोब्यावर खडूने आखलेल्या रेघा.)

सांगलीतल्या एका बंगल्याचं हे गॅरेज. दहा फूट रुंद, अठरा फूट लांब, स्लॅब साडेनऊ फुटांवर. स्कूटर केव्हाच पोर्चमध्ये गेली, कारण आतली जागा लाकडाने घेतली आहे. डाव्या भिंतीला सुतारकामाचं टेबल, मधे टेबल सॉ (टेबलातून वर आलेली गोल करवत), मागच्या कोपऱ्यात ड्रिल मशीन आणि शटरजवळ पॉलिशसाठी मोकळी ठेवलेली जागा. कारखान्यातून निवृत्त झालेले काका इथे काम करतात. घर बांधलं तेव्हा बिल्डरने या खोलीला दिव्याचा एकच पॉइंट दिला होता. बरोबर मधोमध, एक ट्यूबलाइट. गाडी आत घ्यायला, बाहेर काढायला तेवढी पुरायची.

(दृश्य: टेबलावर सागाची फळी, गुण्या, पेन्सिल. कॅमेरा अगदी जवळ.)

त्या एका ट्यूबखाली काम कसं होतं ते जवळून बघू. टेबल भिंतीला टेकलेलं, म्हणजे काका भिंतीकडे तोंड करून उभे आणि ट्यूब त्यांच्या पाठीमागे. फळीवर गुण्या लावला, पेन्सिल टेकवली, की जिथे रेघ ओढायची नेमकी तिथेच त्यांच्या डोक्याची सावली. ते मान कलती करतात, सावली थोडी सरकते. पण आता गुण्याच्या पात्याची सावली रेघेला चिकटून बसते. दोन काळ्या रेघा दिसतात, आणि त्यातली पेन्सिलची कोणती हे डोळे बारीक करून ठरवावं लागतं. पटाशी चालवायची ती याच रेघेवर. अर्धा मिलिमीटर चुकला तर सांधा सैल बसतो.

त्याच पॉइंटवर दुप्पट वॉटचा दिवा लावला तर? खोली उजळते, पण सावली जागची हलत नाही. कारण दिवा माणसाच्या पाठीमागेच आहे. म्हणून वर्कशॉपच्या उजेडाचा विचार करताना ‘किती दिवे’ हा प्रश्न नंतरचा. माणूस कुठे उभा राहणार, तोंड कोणीकडे असणार आणि हात कुठे चालणार, हे आधी ठरायला हवं. कोब्यावरच्या खडूच्या रेघा त्यासाठीच आहेत. टेबलाची चौकट, मशीनची चौकट आणि प्रत्येक चौकटीसमोर दोन पावलं. पावलं कुठे ते कळलं की वर स्लॅबकडे बघायचं.

टेबल दोन फूट रुंद आहे. त्याच्या वरची दिव्यांची ओळ भिंतीपासून पावणेदोन फुटांवर घ्यायची. म्हणजे दिवा कपाळ आणि भिंत यांच्यामध्ये येतो, उजेड हातांवर समोरून पडतो आणि सावली अंगाकडे, मागे जाते. काका उजव्या हाताने काम करतात, त्यामुळे टेबलाच्या डाव्या टोकाला आणखी एक दिवा. डावखुऱ्या माणसाने हाच दिवा उजवीकडे घ्यावा.

हा जादा दिवा ओळीला काटकोनात लावला आहे, आणि त्याला कारण आहे. चार फुटी लांब दिव्याची एक गंमत असते. त्याच्या लांबीला आडव्या येणाऱ्या कडांची सावली मऊ होते, विरून जाते. पण लांबीला समांतर असलेल्या कडांची सावली बरीच ठसठशीत राहते. फळीवर आडवी रेघ मारताना मुख्य ओळ पुरते. फळीच्या लांबीने रेघ मारायची असेल तर हा काटकोनातला दिवा कामाला येतो.

(दृश्य: वहीच्या पानावर पेन्सिलने केलेला हिशोब.)

आता आकडे. फळीवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात. दिव्यातून निघणारा प्रकाश मोजतात ल्युमेनमध्ये; एका चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पडला की तो एक लक्स. आपल्याकडे इमारतींच्या आतल्या उजेडासाठी आयएस 3646 हे मानक आहे. युरोपच्या ईएन 12464 मध्ये सुतारकामाचे आकडे सुटसुटीत दिलेत: टेबलावरच्या जोडकामाला 300 लक्स, लाकूड कापायच्या मशीनपाशी 500, पॉलिशला आणि वीनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) निवडायच्या कामाला 750.

गॅरेजचं क्षेत्रफळ साधारण 16.7 चौरस मीटर. त्याला 300 ने गुणलं की पाच हजार ल्युमेन. बाजारात सहज मिळणारी चार फुटी, 20 वॉटची एलईडी बॅटन (पट्टीसारखा लांब दिवा) सुमारे दोन हजार ल्युमेन देते. खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचून घ्यावं. म्हणजे अडीच बॅटनमध्ये काम झालं? नाही. दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश टेबलापर्यंत पोचत नाही. काही भिंती गिळतात, काही छत, आणि दिव्यावर बसलेला भुसा आणखी थोडा खातो. अशा खोलीत निम्मा प्रकाश वाया जातो असं धरून चालावं. मग पाच बॅटन लागतात. काकांनी सहा घेतल्या, तीन-तीनच्या दोन ओळींत. हिशोबाने जवळपास साडेतीनशे लक्स सरासरी येतात.

मला हा आकडा वाढवून धरणं योग्य वाटतं, आणि त्याचं कारण वय. साठीनंतर बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, आणि विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. घरच्या वर्कशॉपमध्ये रमणारी बरीचशी मंडळी निवृत्तीनंतरची असतात. मुलाला लख्ख वाटणारा उजेड वडिलांना कमी पडतो, तो असा. टेबलावरचा सातवा, काटकोनातला दिवा ही कसर भरून काढतो.

दुसरी ओळ डाव्या भिंतीपासून सात फुटांवर. त्यामुळे मधल्या टेबल सॉवर दोन्ही बाजूंनी उजेड येतो आणि पात्याची सावली फळीवरच्या खुणेवर पडत नाही.

(दृश्य: चुन्याची बादली, रोलर. राखाडी स्लॅब पांढरा होतोय.)

या गॅरेजच्या स्लॅबला कधी रंग लागलाच नव्हता. कोरं सिमेंट प्रकाशाचा मोठा भाग शोषून घेतं, पांढरा रंग सत्तर-ऐंशी टक्के परत पाठवतो. छत आणि भिंतींचा वरचा भाग पांढरा करणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात स्वस्त काम, आणि ते बॅटन लावण्याआधी उरकावं.

दिवे साखळीने खाली सोडावेत का? पत्र्याच्या शेडमध्ये, छत पंधरा फुटांवर असेल तर जरूर. इथे नको. प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची. ती आडवी आत आणून उभी करताना तिचा कोपरा कर्णाच्या उंचीपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ नऊ फूट. स्लॅब साडेनऊवर आहे. खाली लोंबणारा दिवा पहिल्याच शीटला जाईल. म्हणून बॅटन छताला चिकटून.

(दृश्य: पंखा फिरतोय. खाली टेबलावर उजेड-अंधार लपलपतो आहे.)

आपल्याकडे उजेडाच्या आखणीत एक गोष्ट हमखास विसरली जाते: छताचा पंखा. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे घेत असेल तर सेकंदाला सतरा-अठरा वेळा एक पातं दिव्याच्या आड येतं. एवढ्या वेगाची लपलप डोळ्यांना फार त्रास देते. तासाभरात कपाळ उठतं, आणि करवतीसमोर उभं राहून ते सोसणं धोक्याचं. दिवा पंख्याच्या वर असेल तर यातून सुटका नाही. काकांनी छताचा पंखा काढून भिंतीवरचा घेतला. छताचा पंखा काढायचाच नसेल तर दिव्यांच्या ओळी पात्यांच्या घेराबाहेर घ्या, आणि दिव्यापासून कामाच्या जागेपर्यंत एक सुतळी ताणून बघा. सुतळी पात्याला लागली तर तिथे लपलप येणार.

दुसरी लपलप डोळ्यांना दिसतही नाही, आणि ती जास्त घातक. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून हलक्या दर्जाचा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. लेथचा (लाकूड फिरवून गोल घडवायच्या मशीनचा) चार जबड्यांचा चक, म्हणजे लाकूड धरणारी पकड, मिनिटाला 1500 फेरे फिरत असेल तर सेकंदाला पंचवीस फेरे झाले, आणि चार जबडे मिळून शंभर. दोन्ही आकडे जुळले की प्रत्येक उजळणीला जबडे त्याच जागी दिसतात. फिरणारा चक थांबल्यासारखा वाटतो आणि हात पुढे जातो. जुन्या कारखान्यांत यावर उपाय म्हणून शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकत असत. घरात उपाय एकच: चांगल्या ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला स्थिर वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटची, बॅटन.

(दृश्य: दिव्याखाली हातात पेन्सिल, झपाझप हलते आहे.)

ती ओळखायची कशी? दुकानात दिवा लावायला सांगा आणि त्याच्या उजेडात पेन्सिल पंख्यासारखी झपाझप हलवा. नुसती धूसर पट्टी दिसली तर दिवा ठीक. पेन्सिलीच्या सुट्या सुट्या चार-पाच प्रतिमा दिसल्या तर तो दिवा मशीनपाशी लावू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसले तर तीही तीच खूण.

पॉलिशच्या कोपऱ्याचं गणित वेगळं. उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात: आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर पांढरा. दुकानदार न विचारता 6500 केल्विनचा पांढराशुभ्र दिवा हातात ठेवतो. मोजमापाला तो चालतो, पण सागाचा लालसर-सोनेरी रंग त्याखाली फिका, राखाडी दिसतो. मग दोन हात जास्त मारले जातात, आणि तेच कपाट दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली गेलं की काळपट वाटतं. इथे 4000 केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) 90 च्या वरचा दिवा लावलाय. शिवाय घरात जो आहे तसाच 3000 केल्विनचा एक बल्ब बाजूच्या होल्डरमध्ये. शेवटचा हात मारण्याआधी नमुन्याची पट्टी, मोठा दिवा बंद करून, या बल्बखाली बघायची.

(दृश्य: वरचे दिवे बंद. टेबलाच्या पातळीवर एक छोटा दिवा. फळीवर अचानक असंख्य ओरखडे.)

हे बघा. मिनिटभरापूर्वी याच फळीवरून हात फिरवून काका म्हणाले होते, ‘गुळगुळीत झाली.’ वरचा पसरट उजेड रंध्याच्या खुणा आणि काच पेपरचे ओरखडे झाकून टाकतो. फळीला जवळजवळ समांतर असा आडवा उजेड टाकला की प्रत्येक ओरखड्याला स्वतःची सावली मिळते. म्हणजे रेघ मारताना सावली घालवायची आणि घासताना ती मुद्दाम आणायची. म्हणून वरच्या दोन ओळींना स्वतंत्र बटणं हवीत, आणि आडव्या दिव्यासाठी टेबलाच्या पायाशी एक प्लग.

(दृश्य: दोन घोड्यांवर आडवी लांब रीप. रिपेला सुतळीने बांधलेली बॅटन.)

स्लॅबला एकही भोक पाडण्याआधी काकांनी रीप दोन उंच घोड्यांवर टाकली, तिला बॅटन बांधली, तात्पुरती वायर जोडली आणि अंधार पडल्यावर खाली काम करून पाहिलं. रीप चार बोटं पुढे, चार बोटं मागे. जागा पटली तेव्हा ओळंब्याने खाली खूण केली. तिथून मग वायरमनचं काम. वायर झाकणारी केसिंग पट्टी कुठून न्यायची यावर दोघांचं चटकन जमलं, फक्त एका गोष्टीवर बोलणं झालं.

‘काका, दिवे आणि मशीन एकाच लाइनवर घेऊ का? वायर वाचेल तुमची.’

‘नको रे. सॉ अडकली आणि एमसीबी पडला तर पातं फिरत राहतं. तेवढ्यात अंधार नको मला.’

म्हणून दिव्यांना सहा अँपिअरचा वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा खटका), मशीनना सोळाचा वेगळा. टेबल सॉच्या वरची एक बॅटन घरच्या इन्व्हर्टरवर, कारण वीज गेली तरी पातं लगेच थांबत नाही. आणि मागच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जिथे आज काहीच नाही, तिथे वायर सोडून ठेवलेला एक मोकळा पॉइंट. काकांना दिवाळीनंतर तिथे लेथ बसवायची आहे.