हिरडीतून रक्त येतं म्हणून

(दृश्य: आरोग्य केंद्राचा व्हरांडा. बाकावर बसलेल्या गरोदर बायका.)

महिन्याची ९ तारीख. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झालं, तेव्हापासून या दिवशी सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी ठरलेली. वजन झालं, बीपी झालं, रक्त तपासायला दिलं. मग आशाताई एकीला विचारतात, "दात कशानं घासतेस गं?"

ती पदर तोंडाला लावून हसते. "ब्रशच होता ताई. पण रक्त यायला लागलं. आत्या म्हणाल्या, मशेरी लाव, हिरड्या घट्ट होतील."

आत्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. मशेरीनं रक्त खरंच कमी झाल्यासारखं वाटतं, आणि तिथंच सगळा घोळ आहे.

(दृश्य: चुलीवर तवा. तंबाखू काळी पडतेय.)

तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांवर फिरवायची आणि तशीच तोंडात धरून झाडलोट उरकायची. तिच्यातल्या निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त दिसेनासं होतं, दुखणं आत तसंच वाढत राहतं. शिवाय हे निकोटिन आईच्या रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी, न ओढायची तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं होतं.

मुळात रक्त येतं कशानं? गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढतं, हिरड्यांकडे रक्ताचा ओघ वाढतो. एरवी दाताच्या कडेला साचलेलं किटण हिरडी सोसून घेते, आता त्याच किटणानं ती सुजते, लालबुंद होते. रक्त पाहून ब्रश बाजूला ठेवला की किटण वाढतं, आणि मग रक्तही. मऊ ब्रश, हलका हात, सकाळी आणि रात्री झोपताना, एवढंच करायचं असतं. एखादीच्या दोन दातांच्या फटीत लाल गाठही येते. ती कॅन्सरची नसते, बाळंतपणानंतर बहुधा आपोआप जिरते. तरी डॉक्टरांना दाखवावी.

(दृश्य: मोरीपाशी चूळ भरणारी बाई.)

उलट्यांचंही असंच. उलटीतलं आम्ल दातावरचं कवच मऊ करतं. त्यावर लगेच ब्रश फिरवला तर ते घासलं जातं. आधी पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात, ब्रश अर्ध्या-पाऊण तासानं.

"बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं" हे मात्र खरं नाही. कमी पडलं तर ते हाडांतून घेतलं जातं, दातांतून नाही. दात किडतात ते घासणं सुटल्यानं आणि सारखं काहीबाही तोंडात टाकल्यानं. डोहाळ्यांची चिंच-बोरं खाल्ली तर खाल्ली, पण वर चूळ भरायला कुणाची ना नाही.

"बाळंतपण होईस्तोवर दाताला हात लावायचा नाही," असं घरोघरी सांगतात. दात साफ करणं, भरणं, गरज पडली तर भूल देऊन काढणं, हे सगळं गरोदरपणात करता येतं. चौथा ते सहावा महिना त्याला सगळ्यात सोयीचा. किती महिने झालेत ते दंतवैद्यांना आधी सांगायचं. यानं बाळ हमखास पूर्ण दिवसांचं होईल असं वचन कुणी देऊ नये, मोठ्या चाचण्यांत तसं दिसलेलं नाही. पण आईचं ठणकणं थांबतं, तिला नीट जेवता येतं. ते काय कमी आहे?

धोका खरा आहे तो मेडिकलमधून मनानं आणलेल्या गोळ्यांचा. टेट्रासायक्लिनसारख्या औषधानं पोटातल्या बाळाच्या दुधाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात, कारण ते दात तेव्हा तयार होत असतात.

(दृश्य: आशाताई घरी. सासूबाई चौकटीत उभ्या.)

मशेरीबद्दल आशाताई सुनेशी बोलत नाहीत, आधी सासूबाईंशी बोलतात. डबी त्यांची असते. त्यांनाही ती सुटत नाही म्हटल्यावर ताई एक नंबर लिहून देतात. तंबाखू सोडायला मदत करणारी ही राष्ट्रीय हेल्पलाइन, फोन फुकट: १८०० ११ २३५६.